ढेकळे मारणारी माणसे

दरबारी लेखक म्हणजे राजाचा भाट, असे आपण सहज गृहीत धरतो. बाणभट्टाचे ‘हर्षचरित’ वाचताना मला ते पटेनासे होते. हर्षवर्धनाच्या (इ. स. 606–647) आश्रयाला असलेला हा लेखक राजाचे चरित्र लिहायला बसतो आणि पहिले दोन उच्छ्वास, म्हणजे प्रकरणे, बहुतांशी स्वतःविषयीच सांगतो. शोण नदीकाठचे प्रीतिकूट गाव, लहानपणीच गेलेली आई, चौदाव्या वर्षी हरपलेले पितृछत्र, मग मोकाट भटकंती. सोबतीला गारुडी, सोनार, जुगारी, नर्तकी, भिक्षू, लोकभाषेत रचना करणारा कवी. वात्स्यायन गोत्रातला हा वैदिक ब्राह्मण असल्या गोतावळ्याची नावे अभिमानाने नोंदवतो.

पहिल्याच भेटीत हर्षाने त्याला भर सभेत छचोर ठरवले. बाणाने तिथेच सुनावले, की मी सोमयाजी घराण्यातला, वेद शिकलेला गृहस्थ आहे. तरुणपणी थोडे चापल्य झाले, ते नाकारत नाही. हा अपमान आणि हे उत्तर त्याने राजाच्याच चरित्रात लिहून ठेवले.

स्तुती आहेच, आणि ती पानेच्या पाने आहे. समासांच्या त्या लांबलचक रांगांत वाचक दमतो. पण सातव्या उच्छ्वासात सैन्य निघते तेव्हा बाणाची नजर राजछत्रावरून खाली उतरते. हत्तींच्या पायांखाली झोपड्या चिरडल्या जातात, आतली माणसे बाहेर धावून माहुतांना ढेकळे मारतात. काही गावकरी दही-गूळ घेऊन राजाच्या वाटेवर उभे राहतात. काही जण उभे पीक लुटले गेले म्हणून उघड राजालाच बोल लावतात. हे सारे विजययात्रेच्या वर्णनात आहे. वगळले असते तर कुणी जाब विचारला नसता.

चालुक्य राजा पुलकेशीने हर्षाला रोखले ते मात्र इथे नाही. हर्षाची हरवलेली बहीण राज्यश्री सापडते तिथेच ग्रंथ संपतो. पुलकेशीच्या त्या विजयाची हकिकत त्याचा दरबारी कवी रविकीर्तीने इ. स. 634 च्या ऐहोळे शिलालेखात मिरवली. त्याच्या पद्यांत विजय आहे, तुडवलेले शेत नाही.

बाण हे चरित्र सांगतो कुणाला? गावी परतल्यावर धाकटा चुलतभाऊ श्यामल हट्ट धरतो, म्हणून भाऊबंदांना. दरबारातले श्रोते नंतरचे; आधी समोर बसले होते ते नदीकाठच्या गावातले लोक.