लाल कॅलिपर

रायपुरातल्या तात्यापाऱ्याचा वाडा सोडून आम्ही शंकरनगरला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. इथे माणसं एकमेकांना गाडीवरून ओळखतात. भाच्याची ओळख चाकांवरून. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय, सेकंडहँड, आणि चाकांच्या आरांतून डोकावणारे लालभडक कॅलिपर. कॅलिपर मूळचेच, नुसते रंगवलेले. डिस्क मात्र नव्या, भोकं पाडलेल्या. पॅड खास ट्रॅकचे. त्याला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ट्रॅक डेला जायचं होतं. ५.१२५ किलोमीटरचा एक फेरा, त्यातला किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा, आणि त्याच्या टोकाला कचकचून ब्रेक.

"मामा, पळते कुठलीही गाडी. थांबायला पैसे लागतात," तो म्हणायचा. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट उष्णता गिळावी लागते, हेही त्यानेच मला समजावलं. पोरगा अभ्यास करून बोलत होता, एवढं खरं.

बस्तरचा दसरा बघून आम्ही जगदलपूरहून परतत होतो. पुढे तो आणि मी, मागे आक्का, म्हणजे त्याची आई. केशकाल घाट लागला. समोरचे ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत उतरत होते. आमचे चिरंजीव प्रत्येक वळणाच्या तोंडाशी येईपर्यंत गाडी पळवत आणि मग नव्या ब्रेकचा इंगा दाखवत. आक्काचा जप चालू होता. पाच-सहा वळणं झकास झाली. पुढच्या वळणावर त्याने पाय दाबला आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं थेट तळाला गेलं.

तो ओरडला नाही, त्याचं कौतुक. गिअर खाली पाडत, हँडब्रेक थोडा थोडा ओढत त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घासत आणली आणि थांबवली. जळक्या वासाने डोकं उठलं. अर्ध्या तासाने पेडल दाबून पाहिलं, तर पुन्हा पहिल्यासारखं कडक! खाली तेलिन मातेच्या देवळाशी आक्काने नारळ फोडला आणि रायपूरपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही.

"पॅडच खराब निघाले," घरी येऊन भाचा म्हणाला. आता मोठ्या डिस्कचा आख्खा किट मागवायचा होता.

मी त्याला टाटीबंधच्या एका उस्तादांकडे नेलं. त्यांनी लाल रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉनेट उघडून विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललं?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला. गाडी घेतल्यापासून तीन वर्षांत त्या डबीचं झाकण कोणी उघडलंच नव्हतं. डिस्क नि पॅड बदलायला ते उघडावं लागत नाही.

"बेटा, हे तेल हवेतलं पाणी पितं," उस्ताद म्हणाले. नवं डॉट ४ ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. निवलं की वाफेचं पुन्हा तेल. म्हणून अर्ध्या तासाने पेडल शहाणं झालं होतं.

तेल बदलायला मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात झाली, कारण मास्टर सिलिंडरपासून ते सगळ्यात लांब. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत. भाचा पेडलवर.

"दाब. धर." निपल सैल, नळीतून काळपट चहा, त्यात बुडबुडे. निपल घट्ट. "सोड."

दाब, धर, सोड. चहा हळूहळू फिका होत गेला, मग मोहरीच्या तेलासारखा पिवळा. तीन चाकं झाली. उजव्या पुढच्या चाकाशी नळी निसटली आणि चार थेंब कॅलिपरवर ओघळले. हे तेल रंग खातं. उस्तादांनी फडकं फिरवलं, तर लाल रंग सालपटासारखा निघून फडक्यावर आला. खाली जुनं राखाडी लोखंड.

आक्का बाकावर चहा पीत बसली होती. "त्या रंगाला किती पडले होते रे?"

भाचा गप्प.

"आणि या तेलाला?"

"हजाराच्या आत."

उस्ताद पाण्याची बाटली शोधत होते, उरलेला रंग वाचवायला. भाच्याने खिडकीतून मान बाहेर काढली. "राहू द्या ते, उस्ताद. दाबू का पुन्हा?"