पेढा कुणाच्या हातात

८ जानेवारी २०१२, रविवारची दुपार. डेन्व्हरला लागून असलेल्या ऑरोरामध्ये शेजाऱ्याच्या बेसमेंटमध्ये आम्ही नऊ-दहा जण टीव्हीसमोर बसलो होतो. डेन्व्हर ब्रॉन्कोज विरुद्ध पिट्सबर्ग स्टीलर्स, बाद फेरीचा सामना. २३-२३ अशी बरोबरी होऊन ओव्हरटाइम सुरू झाला आणि पहिल्याच चालीत ब्रॉन्कोजच्या क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू डेमेरियस थॉमसने झेलला, एकाला हाताने बाजूला सारलं आणि सरळ गोलरेषेपर्यंत पळत सुटला. ८० यार्डांचा टचडाउन, ११ सेकंदांत सामना खलास. मी सोफ्यावरून उठून ओरडत होतो. माझ्या हातातल्या चिप्स शेजाऱ्याच्या गालिच्यावर सांडल्या होत्या आणि त्यालाही त्याचं काही नव्हतं.

मग कॅमेरा क्वार्टरबॅककडे वळला. तो एक गुडघा टेकून, मुठीवर कपाळ ठेवून प्रार्थना करत होता. त्या क्षणी माझा आनंद किंचित नासला. दुधात लिंबाचा एक थेंब पडावा तेवढाच. पण नासला. माझीच टीम जिंकली होती, ज्याने जिंकवलं त्याने कुणाला शिवी दिली नव्हती, कुणाला खिजवलं नव्हतं. मग मला नेमकं काय खटकलं? हा प्रश्न तेव्हापासून माझ्याकडे पडून आहे.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. टिम टीबोचा जन्म १९८७ चा, फिलिपिन्समधला. आईवडील तिथे बॅप्टिस्ट मिशनरी होते. फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना त्याने २००७ ची हाइजमन ट्रॉफी मिळवली. डोळ्यांखाली खेळाडू काळा पट्टा लावतात, त्यावर तो बायबलमधल्या वचनांचे आकडे लिहायचा. ८ जानेवारी २००९ च्या अजिंक्यपदाच्या सामन्यात त्याने योहानाच्या शुभवर्तमानातला ३:१६ लिहिला आणि लाखो लोक गूगलवर तो आकडा शोधत बसले. पुढे कॉलेजच्या खेळात पट्ट्यांवर मजकूर लिहायला बंदीच आली.

२०१० मध्ये ब्रॉन्कोजनी त्याला घेतलं. २०११ च्या हंगामात पहिल्या पाचांपैकी चार सामने हरल्यावर त्याला सुरुवातीपासून खेळवायला लागले. मायामीत शेवटची तीन मिनिटंही उरली नव्हती, ०-१५ अशी पिछाडी होती. तो सामना त्याने १८-१५ ने काढला. कॅन्सस सिटीविरुद्ध आठपैकी फक्त दोन फेकी यशस्वी, तरी विजय. शिकागोविरुद्ध ०-१० वरून ओव्हरटाइममध्ये १३-१०. अख्ख्या हंगामात त्याच्या फेकी यशस्वी होण्याचं प्रमाण ४६.५ टक्के होतं, म्हणजे या पातळीवर जवळजवळ नापास. तीन तास वाईट खेळायचं आणि शेवटच्या पाच मिनिटांत जिंकायचं, असा त्याचा खाक्या. त्याच्या गुडघा टेकण्याचं ‘टीबोइंग’ झालं. लोक ऑफिसात, विमानतळावर, लग्नात तशा पोझमध्ये फोटो काढायला लागले.

डेन्व्हरमध्ये त्या दिवसांत कुणीच सुखाने आनंदी नव्हतं. माझा एक सहकारी पिढीजात ब्रॉन्कोजभक्त आणि पक्का नास्तिक. प्रत्येक सोमवारी तो मॅरेथॉन पळून आल्यासारखा थकलेला दिसायचा. “जिंकलो याचा आनंद आहे, पण कोणामुळे जिंकलो ते सांगू नकोस,” म्हणायचा. दुसरी एक सहकारी नेमाने चर्चला जाणारी. तिला वेगळीच काळजी. प्रार्थना दार लावून, एकांतात करावी, लोकांना दिसावी म्हणून नाही, असं येशूनेच सांगितलंय, मग हे सत्तर हजार लोकांसमोर कसं? आणि माझा शेजारी. त्याला कसलीच शंका नव्हती. स्टीलर्सचा सामना संपल्यावर तासाभरात त्याचा मेसेज आला: टीबोच्या फेकींचे एकूण यार्ड ३१६. त्या ३:१६ नंतर बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला.

माझ्या खटकण्याची कारणं मी एकेक तपासून पाहिली.

पहिलं कारण सोपं वाटलं: श्रद्धा खाजगी असावी, मैदानात आणू नये. पण १९९९ च्या वर्ल्ड कपमध्ये वडील गेल्यावर परत जाऊन सचिनने केनियाविरुद्ध शतक ठोकलं आणि आकाशाकडे पाहिलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे तो कैक वर्षं तसंच वर पाहत राहिला, मला कधी खटकलं नाही. आणि २०१६ मध्ये दुसऱ्या एका क्वार्टरबॅकने, कॉलिन कॅपर्निकने, कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराच्या निषेधात राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. माझा शेजारी तेव्हा म्हणाला, “हे खेळात कशाला?” हेच वाक्य मी पाच वर्षांपूर्वी त्याच्याच बेसमेंटमध्ये मनातल्या मनात म्हटलं होतं. गंमत म्हणजे कॅपर्निकच्या अंगावरही बायबलमधल्या वचनांचे टॅटू आहेत. म्हणजे खेळ शुद्ध ठेवण्याचं तत्त्व आम्हा दोघांनाही नको होतं. गुडघा आपल्या बाजूचा आहे की नाही, एवढंच आम्ही पाहत होतो.

दुसरं कारण जास्त वजनाचं आहे. टीबोची प्रार्थना एकट्याची नव्हती. फेब्रुवारी २०१० मध्ये सुपर बोलच्या वेळी तो आणि त्याची आई एका जाहिरातीत दिसले. जाहिरात दिसायला गोड, पण ती देणारी संस्था कोलोरॅडो स्प्रिंग्जची, गर्भपाताला आणि समलिंगी विवाहाला उघड विरोध करणारी. जाहिरातीमागची कथा अशी, की गरोदरपणात डॉक्टरांनी गर्भ काढून टाकण्याचा सल्ला दिला होता, तो आईने मानला नाही, आणि टिम जन्मला. ही जाहिरात पाहिलेल्या माणसाला तो गुडघा नुसता गुडघा दिसणं कठीण. शिवाय तो बहुसंख्याकांचा गुडघा. सप्टेंबर २०१४ मध्ये कॅन्सस सिटीच्या हुसेन अब्दुल्लाने टॉम ब्रेडीचा चेंडू पळवून टचडाउन केला आणि सजदा केला, तर पंचांनी त्याच्या टीमला १५ यार्डांचा दंड ठोकला. धार्मिक कृतीला नियमात सूट होती, दंड चुकीचा होता, हे लीगने दुसऱ्या दिवशी मान्य केलं. पण चूक कुणाच्या बाबतीत होते, यातही सांगण्यासारखं काही असतंच. टीबोच्या गुडघ्याला पिवळं फडकं पडल्याचं मी कधी पाहिलं नाही.

हे कारण खरं आहे, आजही मी ते सोडायला तयार नाही. पण ते पुरेसं नाही. कारण चिप्स सांडल्या त्या क्षणी मी जाहिरातीचा विचार करत नव्हतो. तिथे दुसरंच काहीतरी जुनं होतं.

२००९ मध्ये सोलापुरात माझी आई हॉस्पिटलमध्ये होती. न्यूमोनिया, नऊ दिवस आयसीयू. मी इथून धावत गेलो. दहाव्या दिवशी तिला वॉर्डात आणलं, धोका टळला. त्याच रात्री शेजारच्या खाटेवरची बाई गेली. सकाळी माझे मामा पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. विठ्ठलाची कृपा, म्हणत वॉर्डभर वाटत सुटले. त्या बाईचा मुलगा बाहेर कागदपत्रांसाठी थांबला होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. मामांनी त्याच्याही हातात पेढा ठेवला. मामांना माहीत नव्हतं. त्याने तो घेतला आणि हातात धरून उभा राहिला. मला माझा पेढा गिळवला नाही.

त्या दिवसापासून कुणी यशासाठी देवाचे जाहीर आभार मानले की मला तो हात दिसतो. विठ्ठलाने माझ्या आईवर कृपा केली, मग त्या खाटेवर काय केलं? आभार मानणाऱ्याने हा हिशोब मांडलेला नसतो, पण ऐकणारा तो मांडतोच. टीबो गुडघा टेकायचा तेव्हा स्टीलर्सचे खेळाडूही तिथेच होते, आणि त्यांच्यातही रविवारी सकाळी प्रार्थना केलेले असतीलच.

एवढ्यावर थांबलो असतो तर मला हा लेख लिहावा लागला नसता. पण पुढच्याच शनिवारी न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी ब्रॉन्कोजचा ४५-१० असा धुव्वा उडवला. मी घरी एकटाच पाहत होतो. चौथा टचडाउन झाला तेव्हा मला जाणवलं, की मी खूश आहे. बारा वर्षं ज्या टीमसाठी थंडीत कुडकुडत स्टेडियममध्ये बसलो, ती चिरडली जात होती आणि मला आतून गार वाटत होतं. कशामुळे? तर आता शेजारी गप्प बसेल म्हणून. ३१६ चं उत्तर ४५-१० ने मिळालं म्हणून. शेजारी टीबोला देव असल्याचा पुरावा समजत होता आणि मी त्याला देव नसल्याचा पुरावा करून ठेवलं होतं. चोवीस वर्षांचा एक मुलगा, चेंडू धड फेकता येत नाही तरी जिद्दीने खेळणारा, तो आम्हा दोघांच्या लेखी माणूस उरलाच नव्हता.

नंतर वाचलं, की त्या हंगामात प्रत्येक सामन्याला त्याची संस्था एखाद्या आजारी माणसाला कुटुंबासह बोलवायची. सामन्याआधी आणि नंतर टीबो त्यांच्याबरोबर वेळ घालवायचा. ४५-१० च्या त्या रात्रीही. म्हणजे हरल्यावर, अंगावर ओल्या घामाचे कपडे असताना, तो एका आजारी मुलाजवळ होता आणि मी सोफ्यावर समाधानाने चहा पीत होतो. यातून देव आहे असं सिद्ध होत नाही. त्या जाहिरातीचं समर्थनही होत नाही. पण त्या दिवशी आमच्या दोघांपैकी बरं कोण वागलं, एवढं मात्र मला कळतं.

त्या आठवड्यात आईला फोन केला होता. ती माळकरी, टीबो तिला ठाऊक असण्याचं कारण नाही. मी तिला गोष्ट सांगितली, मग पेढ्याचीही सांगितली. तोवर कधी बोललो नव्हतो. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे, मी आभार मानले नसते तर ती बाई जगणार होती का?”

मी म्हटलं, “नाही, पण...”

“मग मला मानू दे की. मी वाचले, माझ्या छातीत मावेना. कुणाला तरी सांगायला नको?” आणि मग, “पण दादाने त्या पोराला पेढा द्यायला नको होता. आधी विचारायला हवं होतं, बाळा तुझं कोण आहे इथे.”

मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं जेवढं उत्तर आहे तेवढं यात आहे. आभार मानणं आणि पेढा हातात ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छातीत न मावणारं ओझं कुठेतरी उतरवावं लागतं. नास्तिकाला ते कुठे उतरवायचं ही अडचण असते, म्हणून कधीकधी तो श्रद्धावानावर चिडतो. माझ्या चिडण्यात तेवढा मत्सर होता, हे मी आता कबूल करतो. टीबो मान खाली घालून गुडघा टेकायचा तेव्हा तो आईसारखा होता. सुपर बोलच्या जाहिरातीत मात्र त्याने आपल्या जन्माचा पेढा अशा बायकांच्या हातात ठेवला, ज्यांचं कोण गेलं, काय गेलं, हे त्याने विचारलेलं नव्हतं. एकाच माणसाने दोन्ही केलं. मी दोन्हींना एकच समजून एकाचा राग दुसऱ्यावर काढत राहिलो.

मार्च २०१२ मध्ये ब्रॉन्कोजनी पेटन मॅनिंगला आणलं आणि टीबोला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवून दिलं. तिथे तो फारसा खेळलाच नाही. शेजाऱ्याकडे त्याची १५ नंबरची जर्सी अजून आहे. ३१६ बद्दल तो आता बोलत नाही, मीही ४५-१० काढत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये डेमेरियस थॉमस गेला, अवघ्या ३३ व्या वर्षी. त्या रात्री आम्ही दोघांनी ते ११ सेकंद पुन्हा पाहिले. मी ही चाल पंचवीस वेळा तरी पाहिली असेल, पण या वेळी पहिल्यांदाच थॉमसकडे बघत होतो. फेक चांगली होती, पण बाकीचं सगळं अंतर तोच पळाला होता. त्या दुपारी त्याची आई अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात होती. पुढे २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तिची शिक्षा कमी केली. दहा वर्षं आम्ही दोघं भांडलो ते विजयाचे आभार देवाचे मानायचे की नाही यावर. थॉमसचे कुणीच मानले नव्हते.

शेजाऱ्याने टीव्ही बंद केला. “चांगला पळाला,” तो म्हणाला. मी म्हटलं, “हो, चांगला पळाला.”