उसना सूर

चाळिशी ओलांडल्यावर मी गिटार शिकायला घेतली. कॉर्ड जमले, लय सांभाळता येऊ लागली. अडलं ते सोलोपाशी. बारा बारच्या ब्लूजमध्ये आपली पाळी आली की त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं. एका घरगुती बैठकीत मी वाजवलं आणि एक मित्र म्हणाला, “हे अगदी तुझं होतं.” पण सुरुवातीचे चार बार मी वेस माँटगमेरीच्या रेकॉर्डवरून सुरासकट उचलले होते. मी गप्प राहिले.

ते गप्प राहणं टोचत राहिलं. मी अनुवादक. माझ्या कामात मूळ लेखकाचं नाव वर असतं, माझं खाली; ऋण मुखपृष्ठावरच मान्य केलेलं असतं. सोलोला मुखपृष्ठ नसतं. मग तिथे उसनं वाजवणं ही चोरी म्हणायची का?

खुद्द माँटगमेरीनेही उसनवारीनेच सुरुवात केली होती. इंडियानापोलिसच्या या वादकाला नोटेशन वाचता येत नव्हतं. चार्ली ख्रिश्चनचे सोलो त्याने रेकॉर्ड ऐकून हुबेहूब बसवले. त्या जोरावर एका क्लबात काम मिळालं. तेवढे सोलो वाजवायचे आणि मंचावरून उतरायचं. पुढे वाजवायला जवळ काही नसायचं. ख्रिश्चन १९४२ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला. १९६० साली माँटगमेरीचा ‘दि इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ आला. त्यात तो अंगठ्याने तारा छेडतो, एकच सूर दोन सप्तकांत जोडीने वाजवतो. ख्रिश्चनचं ऋण त्यात जाणवतं, पण वादन माँटगमेरीचंच आहे.

आपल्या गायकीत अशा आयत्या वेळच्या सुचण्याला ‘उपज’ म्हणतात. ‘उपजत’ म्हणजे जन्माबरोबर आलेलं. उपज मात्र पेरल्यावर येते, आणि बियाणं बहुधा दुसऱ्याकडून आणलेलं असतं. बियाणं उसनं आणण्यात कमीपणा नाही. तेच पोत्यातून काढून आपलं पीक म्हणून मिरवलं, तर तो खोटेपणा.

पुढच्या बैठकीत मी मित्राला खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, “ते चार बार सोड. त्यानंतर तू अडखळत जे वाजवलंस, ते कुणाचं?”

ते माझं होतं. आणि इतके दिवस मला लाज वाटत होती ती त्याचीच.