डाग फरशीवर की फरशीत?

स्वयंपाकघरातल्या व्हिनाइलच्या फरशीवर उठणारी काळी रेघ ही बहुतेक वेळा फरशीची झीज नसतेच. चपलेच्या तळव्यातले किंवा खुर्चीच्या पायाला लावलेल्या टोपीतले रबर घासताना सुटते आणि त्याचा पातळ थर व्हिनाइलला चिकटून बसतो. फ्रीज ओढताना पडलेल्या चऱ्याची गोष्ट उलटी आहे. तिथे वरून काही आलेले नसते, फरशीतलेच काही गेलेले असते. दुरून दोन्ही खुणा सारख्याच काळसर दिसतात, पण पहिली पुसता येते आणि दुसरी पुसून उपयोग नसतो. मळ वस्तूवर असतो की वस्तूत, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी आत्मा आणि चित्त यांच्याबद्दल शतकानुशतके विचारला. कोणते उत्तर दिले यावर शुद्धीचा मार्ग कोणता, हेही ठरत गेले.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. मुळात हे प्लास्टिक कडक आणि ठिसूळ असते. वाल्डो सेमन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने 1926 मध्ये त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळली आणि ते लवचीक झाले. फरशीसाठी त्याचे थर रचतात. खाली आधाराचा थर, त्यावर लाकडाची किंवा दगडाची छापील नक्षी आणि सगळ्यांत वर झीज सोसणारा पारदर्शक थर. घरगुती फरशीत हा वरचा थर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असतो. पायाला सुखावणारा मऊपणा आणि डाग धरण्याची खोड या दोन्ही गोष्टी एकाच मिश्रणातून येतात.

जैन दर्शनाची कर्मकल्पना इथे विलक्षण जवळची वाटते. इतर परंपरांत कर्म हा संस्कार किंवा अदृष्ट मानला जातो. जैन मताप्रमाणे कर्म हे खरोखरचे सूक्ष्म द्रव्य, म्हणजे पुद्गल आहे. मन, वाणी आणि शरीर यांच्या हालचालींमुळे ते जीवाकडे येते, पण टिकून राहते ते क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांमुळे. कषाय नसतील तर आलेले कर्म टिकत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात यावर दोन उपाय सांगितले आहेत. नवे कर्म येऊ न देणे हा संवर आणि चिकटलेले झाडून टाकणे ही निर्जरा. फरशीच्या निगेचा क्रमही हाच आहे. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे लावायचे, जड वस्तू न ओढता उचलायच्या, आणि मग पडलेल्या रेघांकडे वळायचे. खोडरबराने हलके घासले तरी बरीचशी रेघ निघते. उरलेली कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने, तरीही राहिली तर खाण्याच्या सोड्याच्या ओल्या लेपाने किंवा सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने निघते. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र वापरू नये. त्यातले अॅसिटोन रबराबरोबर व्हिनाइललाही विरघळवू लागते.

मळ बाहेरचा आहे ही धारणा बौद्धांच्या अंगुत्तर निकायातही आढळते. चित्त मुळात प्रभास्वर, म्हणजे स्वतःच उजळ, असून क्लेश त्यावर आगंतुकासारखे येतात, असे तिथे म्हटले आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कामाने ज्ञान झाकले जाण्याला तीन दृष्टान्त दिले आहेत: अग्नीवरचा धूर, आरशावरचा मळ आणि गर्भावरची वार. तिन्ही आवरणेच आहेत, पण धूर वाऱ्याने जातो, आरसा हाताने पुसावा लागतो आणि वार वेळ आल्यावरच सुटते. तिघांना एकच उपाय चालत नाही, हे या निवडीतून फार नेमकेपणाने कळते.

ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात आवरणाच्या या कल्पनेलाच हात घातला. अज्ञान नावाची स्वतंत्र वस्तू कुठे उभी राहते, असे विचारत त्यांनी ते ठेवायला जागाच उरू दिली नाही. ही भूमिका धाडसी आहे आणि तर्काच्या अंगाने भक्कमही. आवरणच नसेल तर पुसायचे काय? म्हणून पुसण्याचा अट्टहास कधी थांबवावा, या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. मेलामाइनचा पांढरा स्पंज डाग झटकन काढतो म्हणून लोकप्रिय झाला, पण तो अतिशय बारीक पॉलिशकागदासारखे काम करतो. काही ठिकाणी डागाबरोबर फरशीची चकाकीही जाते आणि तिथे मंद पट्टा उरतो. आगंतुक मळ काढण्याच्या भरात मूळ वस्तूच खरवडली जाते. साधनेतल्या टोकाच्या देहदंडाबद्दल बुद्धाने घेतलेला आक्षेप याच जातीचा होता.

आता चऱ्याकडे. वरच्या पारदर्शक थरापुरता चरा असेल तर त्या जातीच्या फरशीला चालणारे पॉलिश लावून तो बुजवता येतो. छापील नक्षीपर्यंत कापले गेले असेल तर ठिगळाला पर्याय नसतो. शिल्लक ठेवलेला तुकडा किंवा फ्रीजखालचा न दिसणारा भाग घेऊन तो खराब जागेवर नक्षी जुळवून ठेवतात. दोन्ही थर धारदार सुरीने एकाच वेळी कापले की नवा तुकडा खाचेत बरोबर बसतो. मग गोंद आणि सांधा बंद करणारे द्रावण लावतात. ही फरशी पूर्वीचीच म्हणायची का? न्याय-वैशेषिकांचे उत्तर कठोर आहे. अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली एक सबंध वस्तू, आपल्या अवयवांहून वेगळा असतो, तरी त्यांच्यावाचून राहू शकत नाही. वस्त्रातले काही धागे काढले की आधीचे वस्त्र नष्ट होऊन नवे, लहान खंडपट उत्पन्न होते. ‘हे तेच’ ही ओळख मग सादृश्यावर टिकते. बौद्ध तर अवयवीच मानत नाहीत, त्यामुळे त्यांच्या लेखी टिकायला किंवा नष्ट व्हायला एक अशी फरशी कधी नव्हतीच. व्यवहार मात्र यापैकी कुणाचेही ऐकत नाही, आणि या बाबतीत त्याचे म्हणणे अधिक पटते. फरशी कुणाची, कुठली आणि कशासाठी, या गोष्टी ठिगळाने बदलत नाहीत.

सर्वांत अवघड आहे तिसरा प्रकार. मोरीपुढे रबरी तळाचे पायपुसणे महिनोन्महिने राहिले की त्याच्या आकाराचा पिवळसर तपकिरी डाग उठतो. रबर टिकावे म्हणून त्यात घातलेली द्रव्ये व्हिनाइलमध्ये उतरतात आणि त्याचा रंगच बदलतात. इथे डाग वर नसतो आणि फरशीतले काही गेलेलेही नसते. मातीचा घडा भाजल्यावर लाल होतो तेव्हा नेमके काय बदलते, हा वैशेषिक आणि नैयायिकांचा वाद अशाच बदलाबद्दल होता. वैशेषिक म्हणत, घडा परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि घडा पुन्हा जुळतो. नैयायिकांच्या मते अखंड घड्याचाच रंग बदलतो.

पायपुसण्याच्या अशा डागापुढे साबण, सोडा, स्पिरिट सारे हरतात. फरशी तरीही वापरता येते, आणि न निघणाऱ्या मळाची ही स्थिती धर्मशास्त्राने ओळखली होती. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, पण जाणूनबुजून केलेल्या पापात प्रायश्चित्ताने कर्ता फक्त समाजात व्यवहार्य होतो, असे याज्ञवल्क्य स्मृतीत आहे. विज्ञानेश्वरांनी या स्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेत या वचनाची चर्चा केली आहे. शुद्ध होणे आणि सोबत घेण्याजोगे होणे या दोन वेगळ्या गोष्टी मानणारा हा विचार आजही मोलाचा आहे. फरशीचे उदाहरण मात्र इथवरच साथ देते. पायपुसणे अजाणता पसरले काय आणि माहीत असून पसरले काय, रसायन तितकेच आत उतरते. पापाचा मळ किती खोल, हे स्मृतिकार कर्त्याच्या हेतूवरून ठरवतात.