कुकरैलचा अहवाल परत करताना

तुमचा अहवाल सहीशिवाय परत करते आहे. का, ते माना खाली न घालता ऐका.

लखनौपर्यंत येऊन तुम्ही खोलीत बसून सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं उतरवून घेतलीत, हिरवाईचा निर्देशांक (एनडीव्हीआय) काढलात, आकडा मोठा तिथे गडद हिरवा रंग भरलात आणि ठोकून दिलंत : ‘वनस्पतींचे आरोग्य उत्तम, निसर्गपर्यटनास भरपूर वाव.’ कुणाच्या भरवशावर? पान तांबडा प्रकाश शोषतं आणि अवरक्त परत फेकतं, त्या फरकावरून हा आकडा निघतो. ते पान सागाचं की घाणेरीचं, हे त्यातून कळत नाही. घाणेरी माजली तरी नकाशा हिरवागारच दिसतो आणि तिच्याखाली झाडांची रोपं गुदमरून जातात. चित्रातल्या दहा मीटरच्या एका चौकटीत मोठी झाडं किती, त्यांच्या बुडाशी नवी रोपं आहेत का, गुरं किती चरतात, हे पाहायला पायच लागतात. दोरी लावून चौरस आखायचा आणि गुडघ्यावर बसून रोपं मोजायची, हे तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय.

आणि चित्र कुठलं निवडलंत, तर ऑक्टोबरचं! पाऊस सरल्यावर सगळंच हिरवं असतं. मे महिन्याचं शेजारी का नाही लावलंत? लावलं असतंत तरी पानगळीला रोग म्हणून मोकळे झाला असतात, कारण पानझडी झाडं कोणती याची नोंदच तुमच्याकडे नाही.

लखनौचं कुकरैल हे लावलेलं जंगल आहे, १९५०च्या दशकातलं. एकाच सुमारास लावलेली झाडं एकाच सुमारास म्हातारी होतात. त्यांच्या जागी काय उगवतंय, हा तिथल्या आरोग्याचा पहिला प्रश्न. तो अहवालात औषधालाही नाही.

याच जंगलातल्या घडियालांच्या (लांब तोंडाच्या मगरींच्या) संवर्धन केंद्राला तुम्ही एक ओळ दिलीत, तीही ‘आकर्षण’ म्हणून. १९७०च्या दशकात हा प्राणी देशातून नाहीसा होण्याच्या बेतात होता. चंबळकाठची अंडी इथे आणून उबवली, पिल्लं वाढवली, पुन्हा नदीत सोडली. अशा जागेजवळ रात्री दिवे आणि गाड्या आल्या तर काय होईल, याचा विचार कुणी करायचा? इथे नाइट सफारीची योजना आहे. वनक्षेत्रात प्राणिसंग्रहालय किंवा सफारी करायची तर सर्वोच्च न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल, असं त्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये बजावलं. तुमच्या अहवालात याचा उल्लेखसुद्धा नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं तुडवली जायला लागली तेव्हा रोजच्या पर्यटकांची संख्या बांधून द्यावी लागली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तरीही इथे किती माणसं, कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यात, याचा एक आकडा नाही. उद्या हाच कागद पुढे करून कुणी तिथे वाहनतळ आखला, तर खाली नावं तुमची असतील.

सकाळी सहाला फाटकापाशी हजर राहायचं. टेप, दोरी, नोंदवही बरोबर हवी. तिथल्या वनरक्षकांना आधी भेटा, घाणेरी कुठे शिरली आहे ते विचारून घ्या आणि पहिला चौरस तिथेच आखा.