रेणुकामाता आणि विसरण्याचं वरदान

आजचं वाचन : महाभारत, वनपर्व (परशुरामकथा) आणि वाल्मीकि रामायण, अरण्यकांड (मारीच-रावण संवाद)



चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गालगत डोंगराच्या कुशीत रेणुकामातेचं मंदिर आहे. अहिल्यादेवी होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. जाता-येता ट्रकवाले, एसटीवाले हात जोडतात. जवळच राहुड घाट आहे आणि घाटात काय होऊ शकतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

वनपर्वात या रेणुकेची कथा येते. जमदग्नींच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचा वध केला. वडील प्रसन्न होऊन वर माग म्हणाले, तेव्हा आई जिवंत व्हावी हे तर त्याने मागितलंच. शिवाय तिला त्या वधाची आठवण राहू नये, हेही मागितलं. हा दुसरा वर आपण पटकन वाचून पुढे जातो. पण थांबून बघा. जीव परत मिळाला आणि तो क्षण मात्र रोज डोळ्यांसमोर येत राहिला, तर ते जगणं कसं असेल?

हा वर न मिळालेला माणूस अरण्यकांडात भेटतो. मारीच. रामाच्या बाणातून तो वाचलेला असतो. रावणाला तो सांगतो की मला झाडाझाडात धनुष्य घेतलेला राम दिसतो, स्वप्नात दिसला की मी दचकून उठतो, आणि रत्न, रथ असे 'र'ने सुरू होणारे साधे शब्दही मला भीती घालतात.

आजचे डॉक्टर अशा त्रासाला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतरचा मानसिक ताणविकार. हे नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली आलं. प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, त्याची आठवण देणाऱ्या जागा-माणसं टाळणं, मन सुन्न किंवा उदास होणं, सतत सावध राहणं, झोप उडणं. हे महिन्याहून अधिक टिकलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर तपासणी हवी. आघात झालेल्या प्रत्येकाला हा विकार होतोच असं नाही. बरेच जण आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात.

२८ जानेवारी २०२० ला शेजारच्या देवळा तालुक्यात मेशीजवळ एसटी आणि रिक्षा विहिरीत कोसळली. २६ जण गेले. अशा अपघातातून जे वाचतात, त्यांना आपण 'देवाची कृपा' म्हणतो आणि विषय संपवतो. ती कृपा आहेच. पण पुढच्या रात्री त्यांना काढायच्या असतात.

मारीचाचं ऐकून रावणाने काय केलं? त्याला झापलं, जिवाची धमकी दिली आणि ज्याची भीती होती त्याच्याच समोर पाठवलं. घरोघरी आपणही थोडंफार तेच करतो ना? 'किती दिवस तेच धरून बसणार?' 'गाडीवर बस, भीती जाईल.' 'नामस्मरण कर, सगळं ठीक होईल.' रामनाम तारकच आहे, पण मारीचाला त्या घडीला 'र' ऐकवत नव्हता. देवदर्शनाहून परतताना ज्याचा अपघात झाला, त्याला घंटेचा आवाजही सोसणार नाही कदाचित. म्हणून त्याची श्रद्धा कमी झाली असं समजू नये.

उपचारातही भीतीला सामोरं जावं लागतं, पण रावणाच्या पद्धतीने नाही. प्रशिक्षित समुपदेशक रुग्णाच्या संमतीने, सुरक्षित जागी, झेपेल तेवढंच पुढे नेतो. आधी प्रसंग शब्दांत मांडायचा, मग टाळलेल्या गोष्टींकडे एकेक पाऊल. 'चूक माझीच होती' यासारखे रुतलेले विचार तपासायचे. ईएमडीआर नावाची पद्धतही आहे. तिच्यात आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल करतात. गरजेनुसार सर्ट्रालिनसारखी औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात. ती आपल्या मनाने सुरू किंवा बंद करायची नाहीत.

यातून आठवण पुसली जात नाही. रेणुकेचं वरदान आपल्याला नाही. पण जे आत्ता घडतंय असं वाटत होतं, ते कधीतरी घडून गेलं, एवढं मनाला पटू लागतं. आपल्यासाठी हाच वर, आणि तो मागायला डॉक्टरांकडे जाणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. जमदग्नींकडे परशुरामानेही मागितलंच होतं की.

आजचा संकल्प : घरात, मित्रांत कुणी अपघात, हिंसा, पूर अशातून वाचलेलं असेल, तर खोदून विचारू नका. 'मी आहे, सांगावंसं वाटेल तेव्हा सांग' एवढंच म्हणा. गरज दिसली तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक द्या, आणि दवाखान्यात जाताना सोबत चला.

आई, ज्यांना विसरता येत नाही, त्यांच्याजवळ बसायची बुद्धी आम्हाला दे.

रेणुकामातेचा उदो उदो!