चार बोटे वर

खोटे बोलू नये, असे आपल्याला घरी आणि शाळेत दोन्हीकडे शिकवतात. जाहिरात करू नये, असे मात्र कोणी शिकवत नाही. त्यामुळे ही दोन वेगवेगळी खाती आहेत आणि एकातली बाकी दुसऱ्यात ओढायची नसते, अशा समजुतीत माणूस मोठा होतो. मुलाचे टिपण लिहिताना "निर्व्यसनी, मनमिळाऊ" असे लिहिणारा बाप स्वतःला खोटारडा समजत नाही. "स्टेशनपासून पाच मिनिटे" असे छापणारा घरमालकही समजत नाही. मी नेरूळला वीस वर्षे राहतो. इथे स्टेशनपासून पाच मिनिटांहून लांब असलेले घर मी जाहिरातीत कधी वाचलेले नाही, आणि पाच मिनिटांत स्टेशन गाठलेला भाडेकरूही कधी पाहिलेला नाही. ती पाच मिनिटे नेमकी कोणाची, हे विचारायचे नसते.

मला हा प्रश्न अलीकडे पडू लागला आहे, कारण वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला जाहिरातीत काम करण्याची विचारणा झाली. विचारणा करणारे आमच्या सेक्टरातल्या पिठाच्या गिरणीचे मालक होते. पण त्यांच्याकडे येण्यापूर्वी थोडा कायदा सांगतो. मी बी.कॉम. आहे, आणि बी.कॉम. झालेल्या माणसाला कायदा थोडासाच येत असल्यामुळे तो सांगितल्यावाचून त्याला चैन पडत नाही.

लंडनमध्ये १८९१ साली कार्बोलिक स्मोक बॉल नावाची एक वस्तू विकायला होती. रबराचा एक चेंडू, त्याला नळी, आणि आत कार्बोलिक ॲसिडची पूड. नळी नाकाशी धरायची आणि चेंडू दाबायचा. कंपनीने पेपरात जाहिरात दिली, की हा चेंडू रोज तीनदा, दोन आठवडे वापरूनही ज्याला फ्लू होईल त्याला आम्ही शंभर पौंड देऊ. वर असेही छापले, की आमची नियत साफ असल्याचा पुरावा म्हणून आम्ही अलायन्स बँकेत हजार पौंड ठेवले आहेत. कार्लिल नावाच्या बाईंनी इमानेइतबारे चेंडू वापरला आणि जानेवारी १८९२ मध्ये त्यांना इमानेइतबारे फ्लू झाला. त्यांनी शंभर पौंड मागितले. कंपनी म्हणाली, छे, छे, ती नुसती जाहिरात होती, ती कोणी खरी धरते का? अपील कोर्ट म्हणाले, बँकेत पैसे ठेवलेत ना, मग खरी धरणारच. द्या पैसे.

आमच्या कॉलेजात हा खटला शिकवला तेव्हा सगळा वर्ग पेंगत होता. मी मात्र जागा होतो, कारण त्यात बँक आली होती. पुढे कळले, की या बाई शहाण्णव वर्षे जगल्या. १९४२ साली वारल्या तेव्हा डॉक्टरांनी म्हातारपणाबरोबर फ्लूचीही नोंद केली. चेंडूचा असर पन्नास वर्षांनी ओसरला असावा.

यातली मला आवडणारी गोष्ट अशी, की कोर्टाने शब्दांपेक्षा त्यांच्यामागच्या ठेवीकडे पाहिले. नुसते "जगात सर्वोत्तम" म्हणालात तर कायदा काणाडोळा करतो. त्याला माहीत असते, की ऐकणाराही अर्धेच ऐकतो. पण "मी भरून देईन" म्हणालात की सापडलात. आम्ही बँकेत कर्ज देतानाही हेच पाहतो. कर्जदाराविषयी चांगले बोलणारे ढीगभर मिळतात, पण जामीनदाराच्या रकान्यात सही करा म्हटले की त्यांतल्या निम्म्यांना पेन सापडत नाही.

माझ्या लहानपणी तालुक्याच्या थिएटरात पिक्चर सुरू होण्यापूर्वी काचेच्या स्लाइडा दाखवत. एका स्लाइडवर "लग्नाच्या बस्त्यासाठी एकमेव ठिकाण" असे एका दुकानाचे नाव येई. पुढच्या स्लाइडवर दुसरे दुकान, तेही एकमेव. तिसरेही एकमेव. एखादी स्लाइड उलटी लागे, मग प्रेक्षक शिट्ट्या मारत आणि तेवढे एकच दुकान सगळ्यांच्या लक्षात राही. त्या तिन्ही एकमेवांमुळे कोणाची फसवणूक झाली, असे मला वाटत नाही. तिन्ही दुकानदार थिएटरातच बसलेले असत, आणि कापड आटले तर दुसऱ्या दिवशी त्यांना कुठे गाठायचे हे गावाला माहीत असे.

आता २०२१ ची दिवाळी आठवा. कोरोनाने लहान दुकाने खिळखिळी केली होती. तेव्हा कॅडबरीच्या जाहिरातीत शाहरुख खान आपल्या आसपासच्या दुकानांतून खरेदी करा, असे सांगत होता. गंमत अशी, की कोणत्याही छोट्या दुकानदाराला आपल्या दुकानाचे नाव घालून त्या जाहिरातीची स्वतःपुरती आवृत्ती करून घेता येत होती. मग खुद्द शाहरुख खान त्याच्या दुकानाचे नाव घेताना दिसे. अर्थात त्याने ते नाव जन्मात उच्चारलेले नसायचे. त्याच्या संमतीने त्याचा चेहरा आणि आवाज घेऊन ते यंत्राने उच्चारलेले होते. आमच्या बँकेच्या पत्रांखाली असते ना, "हे संगणकाने तयार केलेले पत्र असून सहीची आवश्यकता नाही", तसाच प्रकार.

ती जाहिरात मला आवडली होती. ज्या माणसाने आयुष्यभर आपल्या दुकानाच्या पाटीखेरीज कुठे स्वतःचे नाव पाहिलेले नाही, त्याला दिवाळीत असा मुजरा मिळत असेल तर कोणाच्या पोटात दुखावे? तरीपण माझ्यातला कारकून विचारतोच, की हे बोलले कोण? शाहरुख तर बोललेला नाही. यंत्राला दुकान म्हणजे काय ते ठाऊक नाही. दुकानदार नुसता नाव टंकून बाजूला झालेला. स्तुती झाली, पण स्तुती करणारा कोणीच नाही. उद्या पिठात अळ्या निघाल्या तर कोणाच्या दारात उभे राहायचे?

पीठ म्हटल्यावर गिरणीकडे आलेच पाहिजे.

आमची गिरणी सिडकोच्या इमारतीखालच्या एका गाळ्यात आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडच्या या भागात सेक्टर पाडून शहर वसवण्यात आले. सेक्टरात दुकाने, दुकानांत एक गिरणी आणि गिरणीत हे काका. काका मला "साहेब" म्हणतात. बँकेत मला कोणी साहेब म्हणत नाही, त्यामुळे दळण द्यायला मी स्वतः जातो. गेली चार-पाच वर्षे डब्यांची रांग आखूड होत चालली आहे. पिशवीतले तयार पीठ फोनवर बोट दाबले की दहा मिनिटांत दारात येते. गाळ्याचे भाडे मात्र रांगेकडे बघून ठरत नाही. काकांचा भाचा म्हणाला, "मामा, तीस सेकंदांचा व्हिडिओ करू. सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकू." बोलणाऱ्याची माती खपते आणि गप्प बसणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणतात. काकांचे तर अक्षरशः गहूच होते.

शूटिंग दुपारी ठेवले, कारण चक्की चालू असताना शेजारी उभ्या माणसाचेही ऐकू येत नाही. भाच्याने मोबाइल तिकाटण्यावर लावला आणि कलाकारांकडे वळला. कलाकार तीन होते. भाजणीसाठी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, समाधानी गिऱ्हाईक म्हणून मी आणि स्वतः काका.

आजींना नऊवारी नेसायला सांगितले होते. त्या म्हणाल्या, "अरे, मी टेलिफोन खात्यात होते. उभ्या जन्मात नऊवारी नेसले नाही. आणि भाजणी हिच्या मामीची, मी फक्त खाते." अखेर त्या पाचवारीतच बसल्या, पण भाजणी आपण भाजल्याचे सांगायला त्यांनी साफ नकार दिला.

मग काकांचे वाक्य. भाच्याने लिहिले होते, "आमच्याकडे मिळेल शंभर टक्के शुद्ध पीठ!" काकांनी कागद हातभर लांब धरून वाचला आणि म्हणाले, "शंभर कसं होईल?"

"म्हणजे?"

"चक्कीत आधीच्या दळणाचं थोडं राहतंच की. ज्वारीनंतर गहू टाकले तर पहिल्या मुठीत ज्वारी येणार. म्हणून तर बायका विचारतात, आधी काय होतं म्हणून."

"मामा, शंभर टक्के म्हणजे काय खरंच शंभर टक्के नसतं. ते नुसतं म्हणायचं असतं."

"मग नव्व्याण्णव म्हणू."

"नव्व्याण्णव म्हटलं तर लोक विचारतील, एक टक्का काय आहे?"

"मग सांगू की."

मी तिथेच गव्हाच्या डब्यावर बसलो. अर्थशास्त्रात ग्रेशॅमचा नियम म्हणून एक नियम आहे. हिणकस नाणे चलनात आले की चोख नाणे बाजारातून नाहीसे होते. लोक चोख नाणे घरी दडवतात आणि हिणकस दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. शब्दांचेही असेच झालेले दिसते. प्रत्येक पिशवीवर "शंभर टक्के" छापलेले असताना नव्व्याण्णव म्हणणारा माणूस प्रामाणिक वाटत नाही, तो भेसळ कबूल करतोय असे वाटते. खोटे बोलणाऱ्यांनी फक्त गिऱ्हाइकांना फसवले असते तर एक वेळ ठीक होते, पण त्यांनी काकांच्या खऱ्या बोलण्याचा भावही उतरवून ठेवला आहे. भाचा बिचारा चुकीचे बोलत नव्हता. त्याला मामाचा गाळा वाचवायचा होता.

युधिष्ठिराचीही अडचण अशीच होती. तोवर कधी खोटे न बोलल्यामुळे त्याचा रथ जमिनीच्या चार बोटे वर चालत असे. अश्वत्थामा मेला, एवढे तो मोठ्याने म्हणाला. तो माणूस की हत्ती, हे हळूच पुटपुटला, आणि नेमक्या त्या वेळी श्रीकृष्णाने शंख वाजवला अशी कथा सांगतात. माझ्या मते जगातले पहिले पार्श्वसंगीत हेच. आजही जाहिरातीत अटी सांगायची वेळ आली की निवेदकाच्या मागे लांडगा लागल्यासारखा तो पळत सुटतो आणि सतार मोठी होते. युधिष्ठिराचा रथ त्या दिवशी जमिनीला टेकला. माझी स्कूटर पावसाळ्यात आधीच जमिनीच्या चार बोटे खाली असते, तेव्हा मला त्या बाजूने घाबरण्याचे कारण नव्हते.

कायद्याच्या बाजूने होते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे मी वाचली आहेत. शिफारस करणाऱ्याचे मत खरे आणि अलीकडचे हवे, त्याला पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा, आणि दुकानदाराशी काही देणेघेणे असेल तर तेही सांगायला हवे. दिशाभूल केली तर दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. मला मानधन म्हणून एक किलो भाजणी मिळणार होती. दहा लाख भागिले एक किलो, हा दर मला परवडणारा नव्हता.

माझ्यासाठी लिहिलेले वाक्य होते, "गेली वीस वर्षे मी यांच्याशिवाय कुणाचंच पीठ खाल्लं नाही." मी ते म्हणायला तोंड उघडले, तोच मागून आमची ही म्हणाली, "अहो, मे महिन्यात काका गावी गेले तेव्हा पिशवी आणली होती ना?" गाळ्यात शांतता पसरली. काका म्हणाले, "आणणारच वहिनी. गिरणी बंद म्हणून काय उपाशी राहायचं?"

मग मी माझे वाक्य मीच केले. "वीस वर्षं यांच्याकडे दळण देतो. तीन वेळा पीठ जाडं आलं. तिन्ही वेळा परत दळून दिलं, पैसे घेतले नाहीत."

भाच्याने कपाळाला हात लावला. "काका, जाडं आलं ते कशाला सांगता?"

"ते नाही सांगितलं तर परत दळून दिलं हे कसं सांगणार?"

काका मात्र छताकडे बघत बोटे मोजत होते. म्हणाले, "साहेब, तीन नाही, चार. एकदा तुम्ही ऑडिटला गेला होता, वहिनी आल्या होत्या." वाक्य पुन्हा घ्यावे लागले.

व्हिडिओ अठ्ठेचाळीस सेकंदांचा झाला. भाजणीच्या मानधनाचा उल्लेख मी मोठ्या अक्षरांत टाकायला लावला आणि त्या वेळी सतार बंद ठेवायला लावली. ग्रुपवर टाकल्यावर तीन जणांनी हात जोडलेली चित्रे पाठवली. एकाने "कोणाकडे नळाला पाणी येतंय का?" असे विचारले, आणि मग पाण्याचीच चर्चा दुपारपर्यंत चालली. गिरणीचा धंदा त्याने वाढला की नाही, मला ठाऊक नाही. काकांचे खाते आमच्या शाखेत नाही आणि असते तरी मी सांगितले नसते.

त्या आठवड्यात मी दळण आणायला गेलो तेव्हा समोरच्या नव्या टॉवरमधली एक मुलगी गव्हाचा कोरा करकरीत डबा घेऊन उभी होती. डब्यावरची किमतीची चिठ्ठीही अजून निघालेली नव्हती. तिने काकांना विचारले, "तो एक टक्का म्हणजे काय हो? मला बघायचाय."

काकांनी चक्की चालू केली. तिच्या डब्यातले मूठभर गहू आधी सोडले, खाली आलेले पीठ हातात घेऊन तिच्यापुढे धरले आणि चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले, "हे पिवळट दिसतंय ना, ते आधीच्यांचं बेसन. हे मी बाजूला ठेवतो. इथून पुढचं तुमचं."

तिने ते चिमटीत धरून पाहिले. मग विचारले, "आणि हे माझे मूठभर गहू? त्यांचं वजन धरणार का?"

काका माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी काट्यावरून तिचा डबा उतरवून पुन्हा शून्यावर आणला.